पिकअप किती उचलावी, हे लटकत्या चाकाला विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डबल कॅब पिकअप आहे, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होणारं), मागे पाटे (लीफ स्प्रिंग). दगडांच्या वाटेवर पोट घासतं म्हणून गाडी ४ इंच उचलायची आहे. सोबत ३३ इंची टायर आणि छतावर तंबू. एका मेकॅनिकने सांगितलंय की शॉकअपच्या डोक्यावर चकत्या टाकल्या की दिवसभरात काम उरकतं. तर ४ इंच चालतील का, आणि नसतील तर किती चालतील?

उत्तर आधी देतो. पुढचे कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला चॅसिसशी जोडणारे हलते दांडे, मूळचेच ठेवणार असाल तर २ इंच, म्हणजे ५० मिमी, आणि तेही चाकाशी मोजलेले. वरचे आर्म बदलले आणि योग्य लांबीचे शॉकअप घातले तर अडीच इंच, काही गाड्यांत ३. चकत्यांवर ४ इंच मी कुणालाही करून देत नाही. पैसे पुढे केले तरी नाही.

आता कारणं. लोक गाडी उभी असताना बघतात आणि तिथेच उंची ठरवतात. गाडी सपाट जागेवर उभी आहे, फेंडर आणि टायरमध्ये मस्त फट दिसते, फोटो निघतो. पण सस्पेन्शन किती उचलावं याचा निकाल त्या क्षणी लागत नाही. चाक खड्ड्यात सुटतं, हवेत लटकतं आणि त्याच वेळी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळलेलं असतं, तेव्हा लागतो. त्या अवस्थेत बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) अडकत नाही, एक्सलचे रबरी बूट चिमटत नाहीत, ब्रेकचा होज ताणत नाही, तोवरची उंची तुमची.

समजा, तुमच्या पुढच्या चाकाला वरखाली मिळून ८ इंचांचा प्रवास आहे. गाडी उभी असते तेव्हा त्यातले साडेचार इंच वर जायला शिल्लक असतात आणि साडेतीन खाली यायला. कंपनीने हे वाटप विचार करून केलेलं असतं. चाक खड्ड्यात उतरताना जमिनीला धरून राहावं म्हणून खालचे साडेतीन हवेच असतात. आता तुम्ही लांब किंवा जास्त दाबलेल्या स्प्रिंगने गाडी २ इंच उचलली. एकूण प्रवास तेवढाच राहिला, फक्त खाली यायला दीड इंच उरला. ३ इंच उचललीत तर अर्धा इंच. मग स्पीडब्रेकर उतरताना शॉकअप पूर्ण उघडून आतल्या आत आपटतो आणि पुढून ‘टक्’ असा आवाज येतो. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, बॉल जॉइंट गेला वाटतं. बॉल जॉइंट ठणठणीत असतो, चाकाला खाली जायला जागाच नसते. अशी गाडी ओबडधोबड वाटेवर आधीपेक्षा लवकर चाक उचलते, म्हणजे ज्यासाठी उचलली त्याच कामाला मागे पडते.

चकतीचा प्रकार वेगळा. चकती शॉकअपच्या डोक्यावर, चॅसिसच्या माउंटखाली बसते. शॉकअपचा स्वतःचा प्रवास बदलत नाही, अख्खा शॉकअपच खाली ढकलला जातो. म्हणून चाक लटकतं तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्याही खाली जातं. इथे एक हिशेब बऱ्याच जणांना माहीत नसतो. शॉकअप खालच्या आर्मच्या टोकाला जोडलेला नसतो, आर्मच्या मध्याच्या आसपास असतो. त्यामुळे १ इंचाची चकती चाकाशी दीड ते दोन इंच उंची देते. ‘२ इंचांची चकती म्हणजे २ इंच लिफ्ट’ असं समजून कुणी बसवली की गाडी साडेतीन-चार इंच उभी राहते. खोक्यावर लिहिलेला आकडा चकतीच्या जाडीचा आहे की चाकाशी मिळणाऱ्या उंचीचा, हे आधी विचारून घ्या.

चाक मर्यादेखाली गेलं की पहिला फटका वरच्या बॉल जॉइंटला. त्याचा खुंट वाटीच्या काठाला टेकतो आणि प्रत्येक खड्ड्यात तिथे तरफेसारखा जोर बसतो. वरचा आर्म स्प्रिंगला किंवा तिच्या बैठकीला घासतो. रंग उडालेला आणि धातू चमकणारा पट्टा दिसला की समजायचं. दुसरा फटका पुढच्या ड्राइव्ह शाफ्टना. सीव्ही जॉइंटचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वाकत्या सांध्याचा, कोन वाढतो, बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात, काही महिन्यांत बूट फाटतो, ग्रीस चाकाच्या आत फवारलं जातं आणि धूळ आत शिरते. तिसरा फटका टाय रॉडच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्यांच्या, टोकांना. ती तिरकी झाली की चाक वरखाली होताना स्टिअरिंग आपोआप किंचित हलायला लागतं.

वरच्या दिशेलाही चकतीचा त्रास आहेच. बंपस्टॉप (चाकाला वर जाताना शेवटी अडवणारा रबरी ठोकळा) चॅसिसवर असेल तर चाक पूर्ण दाबलं जाताना शॉकअपला आधीपेक्षा चकतीच्या जाडीइतकं जास्त आखडावं लागतं. आत तेवढी जागा नसेल तर बंपस्टॉप टेकायच्या आधीच शॉकअप तळाला बसतो. रॉड वाकलेले, सील फुटलेले शॉकअप माझ्याकडे येतात त्यांतले बरेचसे असे असतात. चकती आणि जादा दाबलेली स्प्रिंग दोन्ही एकत्र वापरली असतील तर तपासायलाही नको. खालचा प्रवास चकतीने बिघडवलेला आणि राइड स्प्रिंगने. पातळ चकती, चाकाशी इंचभर उंची, पुढचं नाक मागच्या पातळीला आणायचं एवढाच हेतू, याला माझी हरकत नाही. त्यापुढे जायचं असेल तर लांबीला जुळणारा शॉकअप-स्प्रिंगचा पूर्ण संच घ्या.

तपासणी तुम्ही स्वतः करू शकता आणि करावीच. चॅसिस जॅकस्टँडवर घ्या, दोन्ही पुढची चाकं पूर्ण लटकू द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि दर वेळी खाली डोकावून बघा. ब्रेक होजला ढील आहे का, एबीएसची वायर ताणते का, बूट चिमटतो का, आर्म स्प्रिंगला टेकतो का. चाक हाताने फिरवून बघा. शाफ्ट कुठे अडखळत असेल तर हाताला लगेच कळतं. हे सगळं जमलं तर उंची पास.

आता उंचीने नक्की मिळतं काय, तेही बघू, कारण तुमची तक्रार पोट घासण्याची आहे. सस्पेन्शन उचलल्याने मागचा डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गियरचा गोळा) एक मिलिमीटरही वर जात नाही. तो एक्सलवर आहे, एक्सल चाकांवर आहे, आणि तुम्ही उचलता ते चॅसिस. डिफरन्शियल उचलायचा एकच मार्ग, मोठा टायर, आणि त्यातही टायरचा व्यास वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते. २६५/७० आर १७ टायरचा व्यास सुमारे ८०३ मिमी, २८५/७० आर १७ चा, म्हणजे तुमच्या ३३ इंचीचा, सुमारे ८३१. फरक २८ मिमी, डिफरन्शियल वर येतो १४ मिमी. चारेक इंच लिफ्ट केलेली गाडी मधल्या दगडावर डिफरन्शियल ठेवून अडकलेली मी पाहिली आहे, आणि शेजारून मूळ उंचीची गाडी नीट ओळ धरून निघून गेलेलीही पाहिली आहे.

पोटाचा हिशेब वेगळा, तिथे लिफ्टचा उपयोग होतो. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३.१ मीटर आणि पोटाखाली २२ सेंमी धरा. मधला उंचवटा ओलांडण्याचा कोन ढोबळमानाने १६ अंश येतो. पोट ५ सेंमी वर घेतलं की जवळपास २० अंश. म्हणजे २ इंचांत साडेतीन अंश. लांब व्हीलबेसच्या पिकअपला याहून फार मिळत नाही, कारण अडचण उंचीपेक्षा लांबीची आहे. त्याऐवजी पोटाखाली जाड पत्र्याचे स्किड प्लेट आणि दोन्ही बाजूंना चॅसिसला बोल्ट केलेले रॉक स्लायडर (दगडावर टेकून घसरणारे मजबूत दांडे) लावा. मग घासलं तरी नुकसान होत नाही. तुमच्या प्रश्नातल्या ४ इंचांपैकी निम्मं काम ह्या दोन गोष्टी करतात, आणि गाडी रस्त्यावर जशीच्या तशी राहते.

आता उलटण्याचा विषय. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सुरक्षित उंचीचं उत्तर शेवटी इथे येऊन थांबतं. अमेरिकेतली एनएचटीएसए ही रस्ता सुरक्षेची सरकारी संस्था २००१ पासून गाड्यांना उलटण्याच्या धोक्याचे तारे देते आणि त्याच्या मुळाशी एक साधं गुणोत्तर आहे: दोन चाकांमधलं आडवं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. सेडान गाड्यांचा आकडा साधारण १.३ ते १.५ असतो. पिकअप आणि एसयूव्ही १.० ते १.३ च्या पट्ट्यात. आकडा जितका कमी तितकी गाडी घसरण्याऐवजी कलंडण्याकडे झुकलेली.

तुमच्यासारख्या गाडीचा हिशेब मांडू. चाकांमधलं अंतर १.६० मीटर, गुरुत्वमध्य ७० सेंमीवर, तर आकडा १.१४. सस्पेन्शन ५० मिमी उचललं तर चाकं, एक्सल वगैरे खालीच राहतात, म्हणून गुरुत्वमध्य ५० ऐवजी सुमारे ४२ मिमी वर जातो, आणि आकडा १.०८ होतो. १०० मिमी उचललं की १.०२. त्यात मोठे टायर घातले की अख्खी गाडीच, एक्सलसकट, वर जाते आणि आकडा १.०० वर येतो. आता तुमचा ६० किलोचा तंबू छतावर ठेवा, गाडीचं वजन २१०० किलो धरा: ०.९६.

तंबू एकटाच काय करतो तेही बघा. मूळ उंचीच्या गाडीवर तोच ६० किलोचा तंबू गुरुत्वमध्य जवळपास ३६ मिमी वर नेतो. म्हणजे तंबू बसवला की उलटण्याच्या दृष्टीने तुम्ही २ इंचांची लिफ्ट जवळपास करूनच टाकली. लोक लिफ्टला घाबरतात आणि छतावर तंबू, दोन जेरीकॅन, स्पेअर चाक असं बिनदिक्कत चढवतात. दोन्ही करायचंच असेल तर उंची कमी ठेवा आणि जड वस्तू हौद्यात, कॅबच्या पाठीला चिकटून, तळाशी बांधा.

हा आकडा म्हणजे कागदावरची गाडी आहे, हे मान्य. खरी गाडी वळणावर बाजूला कलते, टायर दबतो, म्हणून ती कागदापेक्षा आधी कलंडते. कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण ०.७ ते ०.८ ची, त्यामुळे सपाट रस्त्यावर गाडी सहसा आधी घसरते. पण बहुतेक गाड्या सपाट रस्त्यावर उलटतच नाहीत. घसरत घसरत चाक साइडपट्टीच्या मऊ मातीत रुतलं किंवा कठड्याला अडलं की उलटतात. तिथे पकडीचा प्रश्न नसतो, फक्त उंची आणि रुंदीचा असतो. म्हणून मी ०.०६ चा फरकही हलक्यात घेत नाही.

रुंदी वाढवायला स्पेसर (हब आणि रिममधली जाड चकती) किंवा बाहेर येणारे रिम घालू का, असा प्रश्न यानंतर येतोच. दोन्ही बाजूंना थोडी रुंदी वाढली तर आकडा सुधारतो, खरं आहे. पण चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो, ब्रेक मारताना स्टिअरिंग ओढलं जातं आणि वळवलेला टायर फेंडरच्या मागच्या कोपऱ्याला लागतो. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, कंपनीच्या जवळपास ठेवा.

टायरवरून आठवलं. ‘लिफ्ट केली की मोठा टायर बसतो’ हा समज अर्धवट आहे. उभ्या गाडीत बसतो. पण चाक पूर्ण दाबलं गेलं की ते लिफ्टआधी जिथे जात होतं तिथेच जातं, कारण बंपस्टॉप जागचा हललेला नाही. मग वळणावरचा खड्डा आला की टायर आतल्या प्लास्टिकला किंवा बॉडी माउंटला चाटतो. खात्री करायची तर स्प्रिंग काढून नुसतं चाक जॅकने बंपस्टॉपपर्यंत वर न्यायचं आणि तिथे स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण फाटलेल्या टायरपेक्षा बरं. ३३ इंची टायरने स्पीडोमीटरही सुमारे साडेतीन टक्के कमी दाखवतो. काटा १०० वर असताना गाडी १०३-१०४ ने जात असते. ब्रेकलाही तेवढाच जास्त जोर लावावा लागतो, शिवाय जड टायरचं फिरतं वजन थांबवायचं ते निराळंच.

मागच्या बाजूचं. पाट्यांची गाडी उचलायचे चार मार्ग: नवा पाट्यांचा संच, आहे त्या संचात एक जादा पाटा, पाटा आणि एक्सलमध्ये लोखंडी ठोकळा, किंवा लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी झुलती कडी). पहिला सर्वांत बरा. नेहमी हौद्यात किती वजन असतं ते प्रामाणिकपणे सांगा आणि त्या वजनाचा संच घ्या. कधीमधी लागेल म्हणून ३०० किलोचे पाटे घातले आणि हौदा रिकामा फिरला तर पाठीचे मणके मोजता येतील. जादा पाटा स्वस्त आणि टिकाऊ, पण राइड कडक होते. ठोकळा दीड-दोन इंचांपर्यंत ठीक, आणि एकच. ठोकळ्यावर ठोकळा रचलेला दिसला तर ती गाडी रस्त्यावरून काढा. पुढच्या वळत्या एक्सलवर तर ठोकळा कधीच नाही. ठोकळ्याने एक्सल आणि पाट्यातली तरफ वाढते, जोरात ॲक्सिलरेटर दिला की पाटा एस आकारात मुरडतो आणि मागचं टोक उड्या मारतं. शॅकलचा हिशेब निम्म्याचा: २ इंच लांब शॅकल घातला तर १ इंच उंची. तो मार्ग मी टाळतो, कारण लांब शॅकल आडवा झोल खातो.

कुठल्याही मार्गाने मागून उचललं की प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो. गाडी उठताना, १५-२० च्या वेगाला, सीटखाली थरथर जाणवली तर क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) बदलायला धावू नका, आधी कोन मोजा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन एकमेकांशी जुळले पाहिजेत, आणि शक्यतो ३ अंशांच्या आत राहिले पाहिजेत. फरक असेल तर पाट्याखाली पाचरीसारखी पट्टी घालून डिफरन्शियलचं तोंड फिरवता येतं. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलं बेअरिंग थोडं खाली घेऊन थरथर जाते.

पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घ्या, प्रत्येक वेळी. ते आवळताना ताणले जातात, दुसऱ्यांदा तीच पकड देत नाहीत. आणि पाट्याच्या डोळ्यांचे, शॅकलचे, पुढच्या आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, वजन बसल्यावर शेवटचे आवळा. गाडी हवेत असताना आवळले तर रबर त्याच कोनात पकडलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. हे काम घाईत सगळ्यांत जास्त चुकतं.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याही गाडीत होऊ शकते. पाट्यांच्या बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्याची काडी एक्सलला जोडलेली असते. हौदा भरला, चॅसिस खाली बसली, की काडी वर ढकलली जाते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. हौदा रिकामा असला की दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. सुरुवातीच्या काळात मी एक गाडी मागून २ इंच उचलली, सगळं तपासलं, अलाइनमेंट केली आणि ही काडी विसरलो. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी कायमची रिकामी. मालक महिन्याभराने आला, म्हणाला, माल भरला की गाडी नाकावर बसते आणि थांबायला वेळ घेते. पुढचे पॅड निम्म्याहून जास्त खलास झाले होते. काडीचं माउंट लिफ्टइतकं सरकवायचं असतं, अर्ध्या तासाचं काम. त्या महिन्याभरात मालकाच्या समोर काही आडवं आलं नाही, हे माझं नशीब. तेव्हापासून ही काडी माझ्या यादीत पहिली आहे. तुमच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ब्रेकचा दाब वाटला जात असेल तर काडी नसेल, पण खाली वाकून बघा.

लाइटचंही असंच राहून जातं. पिकअप मुळात नाकाकडून थोडी खाली असते. फक्त पुढून उचलून ती सरळ केली तर हेडलाइट आकाशाकडे बघायला लागतात. पुढचं टोक मागच्यापेक्षा ४ सेंमी जास्त वर आलं, व्हीलबेस ३.१ मीटर, तर झोत १.३ टक्क्यांनी वर उचलला जातो. लो बीम साधारण १ टक्का खाली झुकवलेला असतो. म्हणजे झुकाव संपला, उलट झोत किंचित वरच. समोरचा माणूस तुम्हाला शिव्या घालतो आणि तुम्ही म्हणता, मी तर लो बीमवरच आहे. त्याच दिवशी भिंतीसमोर गाडी लावून झोत खाली घ्या.

अलाइनमेंटमध्ये टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर) तर सगळेच बघतात, तुम्ही कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) विचारा. अशा गाड्या पुढून उचलल्या की कास्टर बहुधा कमी होतो आणि हायवेवर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, गाडी भरकटल्यासारखी वाटते. मूळ आर्मवर २ इंचांपर्यंत बहुतेक गाड्यांत तो मर्यादेत आणता येतो. त्यापुढे वरचे आर्म बदलावे लागतात, जे बॉल जॉइंटचा कोनही सुधारतात. अलाइनमेंटचा छापील कागद घ्या, तोंडी ‘झालं’ चालवून घेऊ नका. गाडीत ईएससी (घसरती गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) असेल तर स्टिअरिंगच्या सेन्सरचं शून्य परत लावून घ्या, काचेमागे कॅमेरा किंवा पुढे रडार असेल तर त्यांचंही कॅलिब्रेशन. कंपनीने ईएससी एका ठरावीक उंचीवर आणि वजनावर बसवून तपासलेलं असतं. थोडा फरक ते सांभाळून घेतं, ४ इंच सांभाळेल असं मी म्हणणार नाही.

मग रस्त्यावर ४ आणि ६ इंच उचललेल्या गाड्या दिसतात त्या कशा? त्यांतल्या नीट बांधलेल्यांत चकत्या नसतात. खालच्या आर्मचे माउंट, क्रॉसमेंबर, पुढचा डिफरन्शियल हे सगळं खाली आणलेलं असतं, नकल (चाकाचा हब धरणारे भाग) बदललेले असतात. त्यामुळे आर्म आणि शाफ्टचे कोन मूळच्यासारखे राहतात. पण गुरुत्वमध्य मात्र पूर्ण वर जातो, आणि खाली आणलेले क्रॉसमेंबर नेमके पोटाखाली येतात. ती वेगळी गाडी झाली, वेगळ्या परवानगीची आणि वेगळ्या वागण्याची. पुढे सॉलिड (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड) एक्सल असलेल्या गाड्यांना सीव्ही शाफ्टच्या कोनाचा त्रास नसतो, त्या कास्टर आणि पॅनहार्ड रॉड (एक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) दुरुस्त करून ३ इंचांपर्यंत सुखाने जातात. तुमची तशी नाही. बॉडी लिफ्ट, म्हणजे चॅसिस आणि बॉडीमध्ये ठोकळे, याने पोट वर येत नाही, म्हणून तुमच्या कामाची नाही.

कायद्याचं प्रत्येक ठिकाणी निराळं आहे. ऑस्ट्रेलियात सस्पेन्शनने ५० मिमी आणि टायरने २५ मिमी, मिळून ७५, हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. त्याच्यापुढे इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्याकडे नोंदणी खात्याचा नियम काय आहे ते विचारा आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतरच त्यांच्या लक्षात येतो.

तर तुमच्या गाडीला मी काय करीन? पुढे ४० ते ५० मिमी, जुळणारा शॉकअप-स्प्रिंग संच, पुढे बंपर-विंच असेल तर त्या वजनाची स्प्रिंग. मागे नेहमीच्या वजनाचा पाट्यांचा संच, पुढच्यापेक्षा किंचित उंच, म्हणजे हौदा भरल्यावर गाडी मागे बसणार नाही. टायर मूळ किंवा एक माप वर, ३३ नाही. स्किड प्लेट, स्लायडर. तंबू हलका बघा किंवा हौद्यावरच्या रॅकवर, कॅबच्या छताच्या खाली बसवा.

काहीही ऑर्डर करण्याआधी आज एक करा. टाकी भरा, नेहमीचं सामान ठेवा, गाडी सपाट जागेवर चार पावलं पुढेमागे करून उभी करा. मग चारही चाकांच्या मधोमध, हबच्या केंद्रापासून सरळ वर फेंडरच्या काठापर्यंत अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने आकडा बदलतो. एखादा कोपरा आत्ताच दीड-दोन सेंमी बसलेला निघाला तर तुम्हाला लिफ्टपेक्षा नव्या स्प्रिंग लागणार आहेत. काम झाल्यावर हेच चार आकडे परत घ्या, १०० किमीनंतर यू-बोल्ट आवळा, १००० किमीनंतर पुन्हा आवळा आणि आकडे तिसऱ्यांदा घ्या. नव्या स्प्रिंग तोवर थोड्या बसलेल्या असतात, म्हणून दुसरी अलाइनमेंट त्यानंतरच करा.